वेचणीच्या दिवसांतला दवाखाना

कापसाच्या गाड्या बाजाराकडे निघाल्या की आमच्याकडच्या बाभळींना कापूस लागतो. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना मी हे अगदी गंभीर चेहऱ्याने सांगते, आणि त्यांतला एखादा भाबडा जीव खरंच मान डोलावतो. मग सांगावं लागतं, की बाबा रे, उंच भरलेली गाडी बाभळीखालून घासत गेली की काट्यांना पुंजके अडकून राहतात, एवढंच. पूर्वी बैलगाड्या होत्या, आता टेम्पो आणि ट्रॅक्टर आहेत, पण काटे तेच आणि पुंजके तेच. परवा फिरायला निघाले तर चिखली रस्त्याच्या कडेला यंदाची पहिली पांढरी बाभूळ दिसली. म्हणजे वेचणी सुरू झाली. मी तिथेच थांबले, आणि तोंडात दूध-पावाची चव आली.

माणसाला कापूस पाहून शेत आठवावं, माय आठवावी. मला पाव आठवतो. कडेला किंचित करपलेला, पितळेच्या पेल्यातल्या गरम दुधात बुडवलेला. तो मी पहिल्यांदा खाल्ला चिखलीच्या एका दवाखान्यात, मुलांच्या खोलीत, खिडकीजवळच्या लोखंडी खाटेवर बसून. खाट माझी नव्हती. ती माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची होती. तिचा पाय भाजला होता आणि मी तिच्या सोबतीला होते. ती दहा वर्षांची, मी सातची. त्या हंगामाइतकी सुखी मी लहानपणी दुसऱ्या कुठल्याच हंगामात नव्हते. हे वाक्य लिहून मी पुन्हा वाचलं. लाज वाटली, पण खोडत नाही, कारण ते खरं आहे.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंनवं होतं. शाळेत त्याचे पेढे वाटून झाले होते आणि आपलं सरकार आता मुंबईला बसतं, हे मास्तरांनी आमच्याकडून पाठ करून घेतलं होतं. मुंबई कुठे आणि आमचं गाव कुठे! आमच्या गावात राज्य होतं ते पायगुणाचं. नवी सून आली आणि म्हैस व्याली, की तिचा पायगुण चांगला. मूल जन्मलं आणि घरातलं कुणी गेलं, की ते पांढऱ्या पायाचं. आक्का जन्मली त्याच आठवड्यात बाबांचा धाकटा भाऊ साप चावून गेला. मी जन्मले त्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीला पाणी लागलं. झालं! एकाच मायच्या पोटच्या दोघी, पण दोघींचा निवाडा पाळण्यातच लागून गेला.

बाबा हंगामात लोकांचा कापूस गाडीने बाजारात पोचवायचे. गाडी जुंपली की मला बैलांपुढून चार पावलं चालायला लावत, आणि तेवढा वेळ आक्काने घरात बसायचं, दारातसुद्धा यायचं नाही. बाजारातून आणलेल्या रेवड्या माझ्या ओंजळीत पडत. राग मात्र कुणाचाही येवो, बैलाचा, व्यापाऱ्याचा, मायचा, तो जाऊन पडायचा आक्काच्या पाठीवर. मला त्यांनी कधी बोट लावलं नाही. मी त्यांच्या मांडीवर बसून जेवायची आणि आक्का ताट वाढून भिंतीशी सरकायची. मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. घराला दार असतं, चूल असते, तशी आमच्या घराला मार खाणारी आक्का होती.

वेचणीच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे सीतादही करतात. शेतात पऱ्हाटीपाशी, म्हणजे कपाशीच्या झाडापाशी, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, आणि मग बायकांनी ओटी खोचून वेचायला लागायचं. त्या दिवशी आक्काने शेतात पाऊल टाकायचं नाही, हे न सांगताच ठरलेलं होतं. पण आम्ही सगळे शेतात पोचलो आणि दह्याचं गाडगं घरीच राहिल्याचं लक्षात आलं. ते गाडगं घेऊन धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, धावत आली ती आक्काच. दही सांडू नये म्हणून गाडगं जिवापाड जपत पळत होती आणि हसत होती. आपण आज फार मोठं काम केलं, असं तिला वाटत होतं. तिचा पाय पऱ्हाटीच्या पहिल्या ओळीत पडला आणि बायका गप्प झाल्या.

घरी आल्यावर नात्यातलं कुणीतरी म्हणालं, की पांढऱ्या पायाला तापल्या विळ्याचा डाग दिला की गुण जातो. मी चुलीपाशीच होते. त्याबद्दल याहून जास्त मी लिहिणार नाही.

जखम चिघळली. आक्का तापाने फणफणली, तेव्हा मायने पहिल्यांदा तोंड उघडलं. कापूस घेऊन गाडी चिखलीला निघालीच होती, तिच्यावर आक्काला निजवलं. माय वेचणीला जाणार, म्हणून सोबतीला मला बसवलं. कापसाच्या ढिगावर दोघी बहिणी. मला आठवतं, मी मजेत होते.

डॉक्टरबाई पुण्याकडच्या होत्या. उंच, कोरड्या आवाजाच्या, पांढरं पातळ आणि पुरुषी बूट. बाबांनी सांगितलं, ‘कावीळ झालती पोरीले, म्हनून डाग देल्ला.’ त्या काळी यात काही नवल नव्हतं. पोट फुगलं की डाग, कावीळ झाली की डाग. डॉक्टरबाईंची निम्मी सकाळ या डागांवर आयाबापांना रागावण्यात जायची, आणि त्यामुळेच कुठल्या दुखण्याचा डाग कुठे देतात, हे त्यांना कळत होतं. काविळीचा हातावर, पोटाचा बेंबीभोवती. पायाच्या पंजावर कावीळ कुणी शोधत नाही. त्यांनी आक्काचं पोलकं वर करून पाठ पाहिली, वेडंवाकडं जुळलेलं मनगट पाहिलं, पोलकं खाली केलं. रागावल्या नाहीत. बाबांना एवढंच म्हणाल्या, ‘मुलीला ठेवावं लागेल. किती दिवस, ते आत्ता सांगता येणार नाही.’

माझी भाची, म्हणजे आक्काचीच मुलगी, आता नागपूरला एका मोठ्या दवाखान्यात काम करते. घरच्यांनीच मारलेली, भाजलेली मुलं आली की त्यांच्यासाठी तिथे वेगळं पथक आहे. डॉक्टर असतात, मुलांशी बोलणारे असतात, घरी जाऊन चौकशी करणारे असतात, आणि सगळे मिळून त्या मुलाचं पुढे काय करायचं ते ठरवतात. ती हे सांगते तेव्हा मी मान डोलावते, आणि माझ्यासमोर चिखलीची मलमपट्टीची खोली उभी राहते. तिथे तिघं होती. त्यांच्या कामाला नाव नव्हतं, आणि त्यांच्या पाठीशी कायदा असलाच तर तो आमच्या गावापर्यंत पोचला नव्हता. बापाने पोरीला मारलं म्हणून फौजदाराकडे गेलं असतं तर फौजदार हसला असता.

डॉक्टरबाई शरीर पाहायच्या. शांता सिस्टर केस विंचरायच्या. मेहकरकडच्या बौद्ध घरातल्या, तरतरीत, मोठ्याने हसणाऱ्या. आक्काला पुढ्यात घेऊन त्या अशी सावकाश फणी फिरवायच्या, आणि एक अक्षर विचारायच्या नाहीत. स्वतःच्याच लहानपणच्या गोष्टी सांगायच्या, की आक्का हळूहळू आपली एखादी सांगायची. बाबा सिस्टरांच्या हातचं पाणी घेत नसत. लेकीचा सडलेला पाय मात्र सिस्टरांच्याच मांडीवर असायचा, त्याचं त्यांना काही वाटत नसे. आणि तिसरे देवराव कंपाउंडर. बाबा बाजारच्या दिवशी आले की देवराव त्यांना लिंबाखाली बसवून चहा पाजायचे, बिडी द्यायचे, बैलांचं विचारायचे. बोलता बोलता बाबांच्या पोटातलं सगळं काढून घ्यायचे, आणि ते गेल्यावर स्वतःची बिडी विझवून आत यायचे. दुपारी मुलं झोपली की तिघं मलमपट्टीच्या खोलीत बसून आपापलं सांगायची. मी तिथेच कोपऱ्यात असायची, कारण मला काम मिळालं होतं. निळ्या कागदातल्या गुंडाळीचा कापूस तोडून बोळे करायचे. आपल्या शेतातला कापूस काडीकचऱ्याचा जातो आणि असा धुऊन, निळा कागद नेसून परत येतो, याचं मला केवढं कौतुक वाटायचं! लहान पोर आहे, हिला काय कळतं, असं त्यांना वाटत असावं. मला सगळं कळत होतं, फक्त त्याचं काही वाटत नव्हतं.

कारण मला पाव मिळत होता. सकाळी दूध-पाव, दुपारी खिडकीतून घुंगरांच्या गाड्या, शांता सिस्टरांच्या टोपीला हात लावायची परवानगी. जखम धुताना आक्का ओठ चावून माझ्याकडे बघत राहायची, आणि मी खिडकीबाहेर बघायची. बाजारच्या दिवशी बाबा विचारायचे, ‘सुकली का जखम?’ डॉक्टरबाई म्हणायच्या, ‘नाही अजून.’ जखम तर सुकत आली होती. आक्का माझ्याबरोबर ओसरीत लंगडी खेळायची. पण बाबांची गाडी फाटकात दिसली की शांता सिस्टर तिला खाटेवर निजवून पायाला ही जाड पट्टी बांधायच्या. बाबा गेले की पट्टी सुटायची. हा आमचा खेळ होता. तिघांच्या लेखी मात्र ते मिळतील तेवढे दिवस पदरात पाडून घेणं होतं.

त्या दिवसांत डॉक्टरबाईंनी मेहकरला बोलणं लावलं. तिथे मुलींचं एक छात्रालय होतं आणि तिथल्या बाई त्यांच्या ओळखीच्या. बाबा एका शब्दात कबूल झाले. ‘न्या,’ म्हणाले, ‘बला गेली.’ आता राहिला फक्त आक्काचा होकार. दुसऱ्या कुणी तो विचारला नसता, डॉक्टरबाईंनी विचारला. दुपारची वेळ होती, मी ओसरीच्या पायरीवर भुईमुगाच्या शेंगा खात बसले होते आणि त्या दोघी माझ्या मागे, खांबापाशी.

‘तिथं शाळा आहे,’ डॉक्टरबाई म्हणाल्या. ‘कुणी अंगाला हात लावणार नाही.’

‘सुमीले बी नेता?’ आक्काने विचारलं. सुमी म्हणजे मी.

‘सुमीला तुझे बाबा देणार नाहीत गं. ती त्यांची लाडकी.’

आक्का म्हणाली, ‘मंग मले घरीच जायचं हाय.’

‘का?’

‘मी गेली तं बाबा राग कोनावर काढतीन? तिच्यावरच नं. तिले मार खायाची सवय नाही.’

मी एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले. आणि मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. आक्का घरी येणार, म्हणजे सगळं होतं तसंच राहणार, तिचं तिच्याकडे, माझं माझ्याकडे. सात वर्षांच्या पोरीला एवढा हिशेब करता येतो का, असं कुणी विचारेल. येतो. मी तेव्हा केला होता.

आक्काला आज मी यातलं काही काढलं तर ती फोनवर म्हणते, ‘काय जुनं उकरत बसतं माय तू! गुडघे कसे हायेत, ते सांग.’ मी गुडघ्यांचं सांगते. तिच्यापाशी माझा अपराध सांगायलाही मला तिचीच परवानगी लागते, आणि आक्का ती देत नाही.

आक्काने घरी जायचं ठरवल्यावर मलमपट्टीच्या खोलीत वाद झाला. मी बोळे करत होते. देवराव म्हणाले, ‘बाई, तो मानूस तुमच्या डाक्टरकीले भेत नाही. पायगुनाले भेते. त्याले त्याचंच भेव दाखवू. डाग बसला, गुन गेला, आता पोरीले हात लावला तं सगळं उलटन, असं मी सांगतो.’

‘म्हणजे डागाने गुण आला असं आपण म्हणायचं?’ डॉक्टरबाईंचा आवाज चढला. ‘दवाखान्याने म्हणायचं? रोज सकाळी मी घसा कशासाठी फोडते?’

‘घसा मंग फोडजा, बाई,’ शांता सिस्टर म्हणाल्या. ‘अगुदर पोरगी वाचवा.’

डॉक्टरबाई खिडकीपाशी गेल्या. मग म्हणाल्या, ‘सांगा.’ आणि तडक खोलीतून निघून गेल्या.

देवरावांनी ते असं काही सांगितलं, की बाबांच्या हातातला चहा निवून गेला. ‘पांढरेपना गेला, पाटील. पन आता पोरीवर हात उचलला तं तो सरळ तुमच्या बैलाईवर जाईन.’ त्यावर डॉक्टरबाईंनी आपली एक भर घातली. जखम आतून कच्ची आहे, दर बाजारच्या दिवशी आणून पट्टी बदलायची, नाहीतर पाय जाईल. म्हणजे दर आठवड्याला ती पाठ, ते हात, सगळं त्यांच्या डोळ्यांखालून जाणार.

आणि ते लागू पडलं! त्या पुढचे आठवडे आमच्या घरात कुणी कुणाला मारलं नाही. आक्काच्या धडधाकट पायाला पांढरी पट्टी, आणि त्या पट्टीला बाबा वचकून. एकदा तर त्यांनी दोघींना सारखे पेरू आणले. आक्का आपला पेरू हातात धरून किती वेळ नुसती बघत होती. माय चुलीपुढे गुणगुणायला लागली. मायला गाता येतं, हे मला त्या हंगामात कळलं. बाबा तर हरखलेच होते. आपल्या पोरीचा पांढरा पाय आपण धुऊन काढला, आणि तेही दवाखान्याने कबूल केलं! जो भेटेल त्याला ते सांगत सुटले. बाजारात गाड्या सोडल्या की बाकीचे गाडीवान भोवती बसायचे आणि बाबा आक्काला बोलावून तिचा पाय पुढे करायला लावायचे. आक्का मुकाट्याने पाय पुढे करायची.

संक्रांत जवळ आली होती. नेहमीसारखे आम्ही पट्टीसाठी गेलो, तर आमच्या जुन्या खाटेवर एक लहानगी होती. जेमतेम पाच वर्षांची, जालन्याकडच्या रस्त्यावरच्या कुठल्याशा गावची. दोन्ही पायांना डाग. शेजारी तिची आजी बसलेली, तंबाखू मळत. डॉक्टरबाई काही विचारायच्या आत म्हातारीच म्हणाली, ‘रागावू नगा बाई. तुमच्याच दवाखान्यात म्हणले ना, डागानं पांढरा पाय जातो म्हणून? बाजारात एक गाडीवान सांगत व्हता. हिची धाकली बी घरी हाय, तिला बी द्यायचा हाय.’ मग तिचं लक्ष दाराकडे गेलं, तिथे बाबा उभे होते. ‘ह्योच की त्यो! आन् ही त्याची पोरगी!’

शांता सिस्टरांनी डोळे मिटून घेतले. देवराव दारातल्या दारात थांबले. डॉक्टरबाई म्हातारीपुढे बसल्या आणि म्हणाल्या, ‘आजी, ते खोटं होतं. आम्ही खोटं सांगितलं. डागाने काही होत नाही.’ म्हातारी हसली. दवाखान्याची माणसं डागाविरुद्ध बोलणारच, हे तिला ठाऊक होतं. तिने आक्काकडे बोट केलं. ‘ही काय धडधडीत समोर हाय की.’

मी आक्काकडे पाहिलं आणि ती काय करणार ते मला कळलं. मी तिच्या परकराचं टोक घट्ट धरलं. बोलू नको, बोलू नको. मनात त्या पाच वर्षांच्या पोरीचा विचार नव्हता, तिच्या धाकटीचा तर नव्हताच. पेरू होते, मायचं गाणं होतं.

आक्का खाली बसली आणि तिने पायाची पट्टी सोडली. परकर माझ्या हातातून आपोआप सुटला.

‘आजी, हा पाय पाहा. चांगला हाय, दिवाळीपासून चांगला हाय. माह्या पायानं काका मेला नाही, साप चावला म्हनून मेला. डागानं काही गेलं नाही, काऊन का जायाले काही होतंच नाही. माह्या बाबानं मले मारू नये म्हनून या तिघाइनं तसं सांगतलं. तुमी त्या धाकलीले डाग देऊ नका.’

एवढं बोलून ती रडायला लागली. दवाखान्यात तिला मी पहिल्यांदाच रडताना पाहिलं. म्हातारीच्या हातातली तंबाखू तशीच राहिली. मग तिने नातीचे पाय आपल्या पदराखाली घेतले आणि ती काहीतरी पुटपुटायला लागली. त्याच दुपारच्या गाडीने शांता सिस्टर धाकटीला आणायला त्यांच्या गावी गेल्या. ती पोर बिनडागाची वाचली, एवढं मला ठाऊक आहे.

बाबा केव्हाच बाहेर गेले होते. डॉक्टरबाई त्यांच्या मागे उन्हात गेल्या. मी खिडकीत उभी राहून पाहत होते. त्या काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. बाबा मात्र मोठ्याने बोलले. ‘न्या मंग दोघीले बी! पायात काहीच नसन तं ही काय अन् ते काय!’ त्यांनी वळून खिडकीकडे पाहिलं. मी नेहमीसारखी हसले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू आपल्याला कुणीतरी फसवून भलतंच जनावर विकलं आहे. मग बैल जुंपले आणि गेले.

माझा पायगुण असा एका दुपारी गेला. मेहकरला जाताना एस.टी.त मी आक्काला दोन्ही मुठींनी मारलं. ‘तुह्यामुळं झालं, सगळं तुह्यामुळं.’ तिने मला मारू दिलं.

छात्रालय बरं होतं. ज्वारीची भाकरी, पातळ वरण, रांगेने आंघोळी, सकाळी प्रार्थना. बाई कडक होत्या पण हात उचलत नसत. आक्का तिथे महिन्याभरात उंच झाल्यासारखी दिसायला लागली, कारण ती ताठ उभी राहायला शिकली. मी बाबांची वाट बघायचे. मग तीही सवय सुटली. तिघांनी आमच्यासाठी जे जे मागितलं होतं ते सगळं मिळालं. खोटं बोलून मिळालं नव्हतं, ते खरं बोलून मिळालं, आणि जी पोरगी ते खरं बोलली तिच्या पदरात तिची बहीणही पडली. गोष्ट इथे संपवली असती तर बरं झालं असतं.

पण वेचणी संपून शेतातल्या पऱ्हाट्या उपटायचे दिवस आले आणि माय भेटायला आली. एकटी, एस.टी.ने, आयुष्यात पहिल्यांदा. उन्हं चटचटायला लागली होती, तरी तिने पदर दोन्ही हातांवरून मनगटापर्यंत लपेटून घेतला होता. शेंगदाण्याचे लाडू आणले होते. डबा माझ्यापुढे करताना पदर सरकला. कोपरापासून हात सुजून निळा झाला होता.

‘हे काय झालं?’ आक्काने विचारलं.

‘गाडीवरून पडली.’

आक्काने तो हात हातात घेतला नाही, नुसती बघत राहिली. मग म्हणाली, ‘माय, तू चिखलीले जा. डॉक्टरबाई पाहातीन. मी घरी परत गेली नाही म्हनून...’

‘येडी हायस का?’ माय हसली. ‘तो लेकराईचा दवाखाना हाय, बाई. माह्यासारखीले तिथं कोन ठेवून घेते?’ आणि पदर नीट केला. ‘तुमी दोघी सुटल्या. बास झालं.’

मी लाडू खात होते. चव अजून आठवते.

आम्ही तिला एस.टी. स्टँडवर सोडायला गेलो. माय गाडीत चढली, खिडकीपाशी बसली. आक्काने बाहेरून खिडकीचा गज धरला आणि सोडेना. कंडक्टरने घंटी मारली, ओरडला, तरी सोडेना. ‘मी येतो माय, मी बी येतो.’ मायचे डोळे भरून आले होते, आणि मी घाबरले. माय आता रडणार, आक्का गाडीत चढणार, आणि आक्का गेली तर मलाही मागोमाग त्या घरात जावं लागणार. या खेपेला माझ्यापाशी चांगला पायगुणसुद्धा नव्हता. मी आक्काची बोटं गजावरून एक एक करून सोडवली. सातच वर्षांची होते, पण जोर खूप आला. मी तिला कमरेला धरून मागे ओढलं आणि गाडी निघाली.

मायने खिडकीतून मान बाहेर काढली. आक्काकडे नाही, तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. बरं केलं, असं म्हणत होती.